दुसरी खुर्ची कोणासाठी?

आमच्या शाळेत दर वर्षी जून सरता सरता मुलांचे मंत्रिमंडळ निवडण्यात येते. चिठ्ठ्या टाकायला बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा, बोटाला लावायला शाई आणि मतमोजणीला आम्ही, असा सगळा थाट असतो. यंदा सातवीतल्या दोघांत चुरस लागली. एक धनगरवाड्यावरची मुलगी, दुसरा गावठाणातला, चांगल्या खात्यापित्या घरचा मुलगा. मुलगी अकरा मतांनी निवडून आली. रिवाजाप्रमाणे मुख्यमंत्र्याने आपले मंत्री आपणच नेमायचे. तिने पहिले नाव घेतले ते हरलेल्या मुलाचे. "हा उपमुख्यमंत्री," म्हणाली. पोरे हसली. आम्ही विचारले, "का गं, तुझ्या मैत्रिणी सोडून हाच का?" त्यावर ती म्हणाली, "गुरुजी, ह्याला नाही घेतलं तर ह्याची पोरं माझं ऐकायची नाहीत."

उत्तर चोख होते. परंतु लगेच तो मुलगा उठला आणि त्याने आम्हांलाच पेचात टाकले. "गुरुजी, उपमुख्यमंत्र्याचं काम काय असतं?"

वाचक हो, वीस वर्षे आम्ही नागरिकशास्त्र शिकवीत आहो. सरपंचापासून राष्ट्रपतीपर्यंत कोणाचे काय काम, हे झोपेत विचारले तरी सांगू. त्या दिवशी मात्र खडू हातात तसाच राहिला. कारण भारताच्या राज्यघटनेत उपमुख्यमंत्री हा शब्दच नाही. कलम १६३ व १६४ मध्ये मुख्यमंत्री आहे, त्याच्या सल्ल्याने नेमलेले इतर मंत्री आहेत. उपमुख्यमंत्री कोठे शोधून सापडत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत हे पदच घटनाबाह्य ठरवा म्हणून सर्वोच्च न्यायालयात कोणी गेले, तेव्हा न्यायालयाने सांगितले की हे नुसते नाव आहे, उपमुख्यमंत्री हा एक मंत्रीच आहे, सबब घटनेचा भंग होत नाही. उपपंतप्रधानाचीही तीच कथा. १९८९ च्या डिसेंबरात देवीलाल शपथ घेताना मंत्री म्हणण्याऐवजी उपपंतप्रधान म्हणाले, राष्ट्रपती वेंकटरामन यांनी त्यांना दुरुस्त केले, तरी त्यांनी आपला हेका सोडला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शपथ वैध ठरली. नाव मोठे, कागदावर काम शून्य.

याच्या उलट आमच्या ग्रामपंचायतीचा उपसरपंच पाहा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात त्याचे नाव आहे, त्याची निवड कशी व्हावी हे आहे, सरपंच नसताना सभा कोणी चालवावी हे आहे. म्हणजे गावच्या दुसऱ्या खुर्चीला कायद्याचे चार पाय आहेत आणि राज्याच्या दुसऱ्या खुर्चीला एकही नाही! ती मुख्यमंत्र्याच्या गरजेवर उभी असते. गरज संपली की खुर्ची कलंडली.

गरज कसली, तर त्या मुलीने सांगितली तीच. ज्याच्याशी कालपर्यंत झुंज घेतली त्याच्या मागे माणसे आहेत. त्याला मांडवाबाहेर ठेवले तर ती माणसेही बाहेर राहतात. हा विचार काही एकट्या आपल्या मुलखाचा नव्हे. अमेरिकेत तर त्याचे शास्त्र बनले आहे.

तिकडे राष्ट्राध्यक्षपदाची मुख्य लढत होण्यापूर्वी प्रत्येक पक्षात घरचीच एक लढत होते. राज्याराज्यांतून पक्षाचे मतदार आपल्याच पक्षाच्या इच्छुकांना मते देतात. आपल्या भाषेत सांगायचे तर आधी तालमीतली कुस्ती, मग जत्रेतली. तालमीत जो जिंकतो तो पक्षाचा उमेदवार, आणि मग तो आपल्या जोडीला उपाध्यक्षपदाचा उमेदवार निवडतो. तेथे प्रश्न उभा राहतो की, जोडीदार कोण? घरचा विश्वासू माणूस, की तालमीत ज्याने आपल्याला घाम फोडला तो?

आरंभी तर त्यांच्या घटनेनेच शत्रूला जोडीला बांधले होते. ज्याला सर्वांत जास्त मते तो अध्यक्ष, त्याच्या खालोखाल मते तो उपाध्यक्ष. १७९६ साली जॉन ॲडम्स यांना ७१ व थॉमस जेफर्सन यांना ६८ मते पडली आणि दोन विरुद्ध पक्षांचे पुढारी चार वर्षे एका जुवाखाली आले. जू ओढले गेले नाही हे सांगावयास नको. पुढच्या खेपेस जेफर्सन आणि त्यांचेच जोडीदार ॲरन बर यांना सारखीच ७३ मते पडली आणि अध्यक्ष कोण हे ठरवायला प्रतिनिधिगृहात छत्तीस वेळा मतदान करावे लागले. तेव्हा त्यांना शहाणपण आले. १८०४ साली घटना दुरुस्त झाली व दोन्ही पदांची मते निरनिराळी देण्याची सोय झाली. आमच्याकडे चूक झाली तर आम्ही तिला परंपरा म्हणतो. त्यांनी आठ वर्षांत दुरुस्त केली, एवढे त्यांच्यापासून घेण्यासारखे आहे.

परंतु कायद्याने सुटलेली गाठ गरजेने पुन्हा बांधली. १९६० साली जॉन केनेडी आणि लिंडन जॉन्सन हे एकाच पक्षातले दोघे उमेदवारीसाठी झुंजले. केनेडी उत्तरेकडचे, कॅथलिक. जॉन्सन दक्षिणेकडच्या टेक्सासचे, मुरलेले राजकारणी. पक्षाच्या अधिवेशनात केनेडींना ८०६ व जॉन्सन यांना ४०९ प्रतिनिधींची मते पडली आणि दुसऱ्याच दिवशी केनेडींनी त्यांनाच जोडीदार म्हणून पुढे केले. केनेडींच्या जवळच्या माणसांना ते मुळीच रुचले नाही. पण दक्षिण हवी होती, टेक्सास हवे होते, आणि निवडणुकीत टेक्सास मिळालेही. तीन वर्षांनी त्याच टेक्सासात केनेडींचा खून झाला व जॉन्सन अध्यक्ष झाले. दक्षिणेतल्या गोऱ्यांची मते राखण्यासाठी जो माणूस घेतला, त्यानेच १९६४ साली काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. त्या मुक्तीला कायद्याचे पुढचे बळ एका उपाध्यक्षाच्या हातून मिळावे, हा योग आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दुसरी खुर्ची क्षुल्लक नसते, ती तशी क्षुल्लक करून ठेवली जाते.

१९८० साली रोनाल्ड रेगन यांच्याविरुद्ध लढताना जॉर्ज बुश यांनी रेगनचे अर्थशास्त्र म्हणजे जादूटोणा आहे अशी टवाळी केली होती. त्यानंतर थोड्याच महिन्यांत बुश त्यांचे जोडीदार झाले, आठ वर्षे त्या जादूटोण्याची बाजू मांडत राहिले आणि १९८८ साली स्वतः अध्यक्ष निवडून आले. २००८ साली बराक ओबामा यांनी लढतीतून लवकर बाहेर पडलेल्या जो बायडेन यांना घेतले. शेवटपर्यंत जिने झुंज दिली त्या हिलरी क्लिंटन यांना त्या जागी घेतले नाही. २०१९ च्या जूनमध्ये कमला हॅरिस यांनी भर सभेत, सगळा देश पाहत असताना, शाळांतील वर्णभेदाच्या जुन्या प्रश्नावरून बायडेन यांना बोचरे सवाल केले. पुढल्या वर्षी ऑगस्टात बायडेन यांनी त्यांनाच उपाध्यक्षपदासाठी निवडले. सगळेच असे करतात असे मात्र नाही. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६ साली माइक पेन्स आणि २०२४ साली जे. डी. व्हान्स यांना घेतले. दोघेही त्या त्या वेळच्या घरच्या लढतीत उतरलेले नव्हते. ज्याला आपल्या मागे पक्ष सबंध उभा आहे असे वाटते, तो प्रतिस्पर्ध्याच्या दारी जात नाही. जातो तो ज्याला घर फाटलेले दिसते.

आता आपल्या घरी येऊ.

लालबहादूर शास्त्री गेल्यावर १९६६ च्या जानेवारीत काँग्रेसच्या खासदारांनी मतपेटीत मते टाकून नेता निवडला. इंदिरा गांधी ३५५, मोरारजी देसाई १६९. आकडे उघड होते. मोरारजींच्या मागे पक्षाचा तिसरा हिस्सा आहे हे सर्वांना कळले. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे बळ घटले आणि इंदिराबाईंनी मोरारजींना उपपंतप्रधान करून अर्थखाते दिले. हरलेल्याला नुसता मान नव्हे, तर तिजोरीची किल्लीही मिळाली. दोन वर्षे हा संसार चालला. १९६९ च्या जुलैमध्ये इंदिराबाईंनी अर्थखाते काढून घेतले. उपपंतप्रधान राहा म्हणाल्या. मोरारजी बाहेर पडले आणि त्याच वर्षी काँग्रेस फुटली. म्हणजे दुसऱ्या खुर्चीत बसलेल्याची किंमत खात्याने होते, नावाने होत नाही, हे मोरारजींना पक्के ठाऊक होते. पण तेच मोरारजी पंतप्रधान झाल्यावर काय झाले? १९७९ च्या जानेवारीत चरणसिंग आणि जगजीवनराम असे दोन उपपंतप्रधान एकदम! दोघांनाही पंतप्रधान व्हायचे होते. जुलैत सरकार कोसळले. चरणसिंग पंतप्रधान झाले, त्यांचे उपपंतप्रधान आपले यशवंतराव चव्हाण, आणि ते सरकार लोकसभेला सामोरे न जाताच ऑगस्टात राजीनामा देऊन मोकळे झाले. त्या वर्षी उपपंतप्रधान इतके झाले की नागरिकशास्त्राच्या मास्तरांनी हात टेकले असतील.

महाराष्ट्रात हे पद आले ते १९७८ साली. यशवंतराव चव्हाणांना उपमुख्यमंत्री लागला नाही, वसंतराव नाईकांनी ११ वर्षांहून अधिक काळ राज्य केले, त्यांनाही लागला नाही. १९७८ च्या आरंभी काँग्रेस दुभंगली, दोन्ही काँग्रेस गावोगाव एकमेकींविरुद्ध लढल्या. रेड्डी काँग्रेसला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२, आणि जनता पक्षाला ९९ जागा. जनता पक्षाला बाहेर ठेवायचे तर कालच्या भांडणाऱ्या भावांनी एका चुलीवर स्वयंपाक करणे भाग होते. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. एक सांगलीचे, दुसरे विदर्भातल्या भंडाऱ्याकडचे. मने जुळली नव्हती. तिरपुडे मंत्रिमंडळात बसून बाहेर यशवंतरावांवर तोफा डागत आणि दादांच्या गटाची माणसे धुसफुसत. अवघ्या चार महिन्यांत, जुलैत, शरद पवार आपली माणसे घेऊन बाहेर पडले, सरकार गडगडले आणि पवार मुख्यमंत्री झाले. त्यांनी सुंदरराव सोळंके यांना उपमुख्यमंत्री केले. महाराष्ट्रातील दुसऱ्या खुर्चीचा जन्म असा घरभांडणात झाला, आणि जन्माची खूण अजून पुसली गेलेली नाही.

पुढची जंत्री वाचकांना तोंडपाठ आहे. १९९५ ला मनोहर जोशी व गोपीनाथ मुंडे. १९९९ साली शरद पवार काँग्रेसमधून निघाले, राष्ट्रवादी स्थापन झाली, दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध लढले, काँग्रेसला ७५ व राष्ट्रवादीला ५८ जागा मिळाल्या आणि ऑक्टोबरात विलासराव देशमुखांच्या शेजारी छगन भुजबळ बसले. २००४ साली राष्ट्रवादीच्या जागा ७१, काँग्रेसच्या ६९. तरी पहिली खुर्ची काँग्रेसला आणि दुसरी राष्ट्रवादीच्या आर. आर. पाटलांना. जास्त जागांच्या बदल्यात खाती घेतली, असा तो सौदा. २०१९ च्या नोव्हेंबरात भल्या पहाटे देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांनी शपथ घेतली व चौथ्या दिवशी दोघेही माजी झाले. डिसेंबर संपण्यापूर्वी तेच अजित पवार उद्धव ठाकरे यांचे उपमुख्यमंत्री झाले. ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री, आणि आदल्या सरकारांत पाच वर्षे मुख्यमंत्री राहिलेले फडणवीस त्यांचे उपमुख्यमंत्री. मी सरकारबाहेर राहीन असे ते सांगून बसले होते, तोच पक्षाच्या श्रेष्ठींचा निरोप आला. २ जुलै २०२३ ला अजित पवार दुसरे उपमुख्यमंत्री. ५ डिसेंबर २०२४ ला फडणवीस पुन्हा मुख्यमंत्री, आणि शिंदे व पवार उपमुख्यमंत्री.

या सगळ्या यादीत एक गोष्ट आम्हांस फार बोचते. १९७८ पासून २०२४ पर्यंत दुसऱ्या खुर्चीवरून पहिल्या खुर्चीवर चढलेला माणूस एकच, देवेंद्र फडणवीस. आणि तेही आधी पहिल्या खुर्चीवर पाच वर्षे बसून खाली उतरलेले. बाकी कोणाला ती पायरी चढता आली नाही. अमेरिकेत नऊ उपाध्यक्ष अध्यक्षाच्या मृत्यूने किंवा राजीनाम्याने अध्यक्ष झाले, शिवाय काही जण निवडून आले. आमच्याकडे दुसरी खुर्ची ही जिन्याची पायरी नसून जिन्याखालची खोली आहे. तीत सामान ठेवतात.

मग तीत कोणाला बसवितात? आम्ही ब्राह्मणेतर चळवळीचा वारसा सांगणारी माणसे. आम्हांला हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि विचारताना बोट आपल्याकडेही वळवले पाहिजे. मुंडे आणि भुजबळ, एक वंजारी घरचा, एक माळ्याचा. दोघांनीही पक्षासाठी गावोगाव रान उठवले, दोघांच्याही मागे छोट्या जातींची मोठी गर्दी होती, दोघांकडेही गृहखाते होते, म्हणजे नुसती शोभाही नव्हती. परंतु पहिल्या खुर्चीचा विषय निघाला की त्यांचे नाव घ्यायला प्रत्येकाच्या जिभेला गाठ पडे. दुसरी खुर्ची दिली म्हणजे त्या समाजांचे देणे फिटले, असा हिशेब मांडला गेला. तो हिशेब मांडणाऱ्यांत सगळे शेंडीवाले होते, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. कारखाने, बँका, शिक्षणसंस्था ज्यांच्या हाती आहेत ते बहुतेक आमच्याच बहुजन समाजातले मोठे घराणेदार आहेत. आपल्या नगर जिल्ह्यात तर हे डोळ्यांनी दिसते. 'सर्वांना बरोबर घेऊन' असे भाषणात म्हणायचे आणि बरोबर घेतलेल्याला मागच्या बाकावर बसवायचे, ही रीत भटजींची असो वा पाटलांची, रीत तीच.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही सरकारी नोकर, तुम्हांला राजकारण कशाला हवे? खरे आहे. कोणा पक्षाची तळी उचलणे आम्हांला वर्ज्य आहे. मात्र मतदान केंद्रावर रात्र काढायला, मतदार याद्या घेऊन उन्हातान्हात घरोघर हिंडायला आम्हीच लागतो. म्हणून एवढे बोलण्याचा हक्क आहे असे समजतो की, ज्या मताच्या चिठ्ठीसाठी आम्ही एवढे राबतो, त्या मताला दुसऱ्या खुर्चीवर बोलण्याची सोय नाही.

येथेच अमेरिकेचा आणि आपला खरा फरक आहे. प्रतिस्पर्ध्याला जोडीला घेणे हे तिकडेही सौद्याचेच काम, साधुसंतांचे नव्हे. पण त्या प्रतिस्पर्ध्याचे बळ किती, हे आधी हजारो गावांतून मते मोजून ठरलेले असते. आणि जोडी जाहीर होते ती मतदानाच्या आधी. मतदाराला दोन्ही नावे ठाऊक असतात. दुसरे नाव नको असेल तर तो पहिल्यालाही नाकारू शकतो. आमच्याकडे बळ मोजतात ते कोणत्या हॉटेलात किती आमदार मुक्कामाला आहेत यावरून. विधिमंडळ पक्षाची बैठक भरते, नेता निवडीचा अधिकार श्रेष्ठींना द्यावा असा एका ओळीचा ठराव होतो, चहा होतो, बैठक संपते. आणि जोडी जाहीर होते ती मते पडून गेल्यावर. २०२४ मध्ये निकाल लागला २३ नोव्हेंबरला आणि शपथविधी झाला ५ डिसेंबरला. ते बारा दिवस शिंदे उपमुख्यमंत्री होणार की नाही हे महाराष्ट्रात छातीठोक सांगू शकेल असा माणूस आम्हांला तरी भेटला नाही. कर्नाटकात २०२३ च्या मे महिन्यात सिद्धरामय्या आणि डी. के. शिवकुमार यांच्यापैकी कोण, हे मतदारांनी पूर्ण बहुमत देऊनही पाच दिवस दिल्लीत ठरत होते. अखेर एक मुख्यमंत्री, दुसरा उपमुख्यमंत्री. राजस्थानात २०१८ साली अशोक गेहलोत आणि सचिन पायलट यांची जोडी अशीच दिल्लीने बांधली. २०२० च्या जुलैत पायलट रुसून आमदारांसह निघाले आणि त्यांचे उपमुख्यमंत्रिपद गेले. जोडी बांधली त्यांनी बैलांना विचारले नव्हते, आणि ज्याचे शेत नांगरायचे होते त्यालाही नाही.

काष्टीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात बैल पाहायला गेलेल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. आपल्या खोंडाला जो शिंगावर घेतो तोच कधी कधी उत्तम जोडीदार ठरतो, कारण दोघांचा जोर सारखा असतो. पण जाणता माणूस दावणीला बांधण्याआधी दोघांना एका औताला धरून चार तास चालवून पाहतो, आणि कोण उजवीकडे, कोण डावीकडे हे पहिल्याच दिवशी ठरवतो. ते ठरले नाही तर दोघेही एकाच बाजूला ओढतात व औत बांधावर जाते.

औत बांधावर गेलेले आम्ही आमच्या गावीच पाहिले. थेट जनतेतून सरपंच निवडण्याचा कायदा २०१७ साली झाला, २०२० साली तो काढला आणि २०२२ साली पुन्हा आला. त्या पुन्हा आलेल्या कायद्याने आमच्या गावी एका पॅनेलच्या सरपंचबाई निवडून आल्या आणि सदस्य मात्र दुसऱ्या पॅनेलचे जास्त. सदस्यांनी अर्थातच आपला माणूस उपसरपंच केला. सरपंचपदासाठी बाईंविरुद्ध त्याचीच भावजय उभी होती. आता गंमत पाहा. त्या वर्षी वादळात शाळेच्या दोन खोल्यांचे पत्रे उडाले. दुरुस्तीचा विषय मासिक सभेत चार वेळा आला. एकदा गणपूर्ती नाही, एकदा अंदाजपत्रकावर हरकत, एकदा सरपंचबाई सभेतून उठून गेल्या, एकदा सभाच तहकूब. दोन वर्ग मारुतीच्या सभामंडपात भरत. शनिवारी दर्शनाला रांग लागे व पोरे पाढे म्हणता म्हणता नारळाचा प्रसाद खात. हसण्यासारखे वाटते, पण चौथीच्या वर्गाचे ते वर्ष वाया गेले. त्यांतली तीन पोरे पाचवीत आली तेव्हा त्यांना भागाकार येत नव्हता, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आणि त्यात आमचाही दोष आहेच, कारण मंदिरात शिकवायचे कसे हे आम्हांला साधले नाही.

सुटका झाली ती कोणा साहेबाच्या हुकुमाने नाही. दिवाळीपूर्वी एका संध्याकाळी सरपंचबाई उपसरपंचांच्या ओसरीवर गेल्या. आम्ही हजर होतो, म्हणून सांगतो. बाई म्हणाल्या, "अण्णा, शाळेचं तुम्हीच बघा. सही माझी राहील, पण नजर तुमची. पत्रा कोणता, मिस्त्री कोण, समदं तुम्ही ठरवा." अण्णा घटकाभर गप्प राहिले. मग म्हणाले, "तोंडी नको. ठरावात लिवा." ठरावात लिहिले. पंधरा दिवसांत पत्रे चढले. अण्णा स्वतः शिडीवर उभे राहून खिळे मोजत होते.

पुढे पाण्याच्या टाकीवरून दोघांचे पुन्हा फाटले, तेही सांगितले पाहिजे. टाकीच्या बाबतीत ठरावात काही लिहिलेले नव्हते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. प्रतिस्पर्ध्याला शेजारी बसवायला आमची हरकत नाही, उलट पुष्कळदा तेच शहाणपणाचे. पण एक, जोडी कोणाची हे मते मागायला येताना सांगा. आघाडी असो वा युती, पहिला कोण आणि दुसरा कोण हे जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर छापा. आकडे पाहून ठरवू, असे म्हणणारा माणूस आमच्या आकड्यांचा मालक होऊ पाहतो. दोन, दुसऱ्याचे काम लिहून द्या, आणि ते मधेच काढून घ्यायचे असेल तर कारण सभागृहात सांगा. मुख्यमंत्री परदेशी गेला किंवा आजारी पडला तर कारभार कोणी पाहावा, याचा नियम उपसरपंचाला आहे आणि उपमुख्यमंत्र्याला नाही, ही लाजेची गोष्ट आहे. तीन, पक्षाचा नेता पक्षाच्या आमदारांनी तरी चिठ्ठ्या टाकून निवडावा. १९६६ साली खासदारांना ते जमले होते. आमच्या सातवीच्या पोरांनाही जमते.

यावर राजकारणात मुरलेले एक स्नेही आम्हांला म्हणाले, "मास्तर, आधीच जाहीर केलं तर दुसरा नाराज होऊन निवडणुकीतच पाय ओढील." ही अडचण खोटी नाही.  पण पाय ओढायचाच असेल तर तो मतदानाआधी, सगळ्यांच्या देखत ओढलेला बरा. नंतर ओढला की सरकार पडते आणि पत्रे आमचे उडतात.

सोमवारी आम्ही त्या दोन्ही मुलांना फळ्याजवळ बोलावले. उपमुख्यमंत्र्याची कामे कोणती, हे त्या दोघांनीच ठरवावे असे सांगितले. बरीच घासाघीस झाली. घंटा त्याला हवी होती, ती तिने दिली नाही. पाण्याची टाकी, परसबाग, उशिरा येणाऱ्यांची वही आणि ती गैरहजर असेल त्या दिवशीची प्रार्थना, एवढी कामे त्याच्या वाट्याला आली. मुलीने ती खडूने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली आणि खाली त्याच्याकडून सही घेतली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, हा कोपरा कोणी पुसायचा नाही."